मावशीसाठी घेतलेली लाईन

आमच्या घरात इंटरनेट आलं ते मावशीसाठी. माझ्यासाठी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते करताना नेमकी हीच गोष्ट मी विसरले होते. विसरले होते असं म्हणणंसुद्धा स्वतःला झुकतं माप देण्यासारखं आहे. ती माझ्या लक्षात होती, पण तिची आठवण ठेवणं मला सोयीचं नव्हतं.

आम्ही बेंगळुरूच्या टोकाला, कारखान्यांच्या बोम्मसंद्र्यात राहायचो. एका ओळीत सहा घरं, पुढे सगळ्यांना मिळून एक नळ, आणि मागच्या भिंतीपलीकडे शेडमधले, लोखंडी पत्रे कापणारे प्रेस. सकाळी आठला ते सुरू व्हायचे. धप्प, थोडी शांतता, परत धप्प. पाहुणे आले की चहाचा कप हातात धरून विचारायचे, हे काय धडधडतंय? आम्हाला ते ऐकूच यायचं नाही. रविवारी मात्र घर कसंतरीच वाटायचं, कुणी आजारी असल्यासारखं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच ओळीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. निपाणीकडून आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना मिळून दहा बोटं होती. मला कळायला लागलं तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापाशी संपत होती. त्या बोटांनीच ते घास उचलायचे, बटणं लावायचे, माझ्या वेण्या घालायचे. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही, शाळेत मैत्रिणींनी विचारेपर्यंत.

आईच्या स्वयंपाकात दोन गावं होती. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे निपाणीचं. आणि थंडीत, अवरेकाळूचा मोसम आला की घरमालकीण गौरक्कांनी शिकवलेलं हुग्गी आणि सारू, म्हणजे त्यांच्याकडची खिचडी आणि आमटी. अवरे म्हणजे आपल्या वालाच्या जातीचे ओले दाणे. रात्रभर भिजवायचे आणि चिमटीत धरून दाबले की साल मागे राहतं, दाणा टुणकन पुढे उडतो. आई आणि गौरक्का दारात बसून पातेलीभर दाणे असे सोलायच्या. "स्वल्प जोरात दाब, पुटकन येतो," असं गौरक्का आईला त्यांच्या अर्ध्या मराठीत सांगायच्या. पण आईला ते दाणे सोलायला खरी सोबत असायची ती फोनमधल्या कमळा मावशीची.

कमळा मावशी आईची धाकटी बहीण. लहानपणी तापात तिचे दोन्ही कान गेले आणि डावा डोळाही. शाळेत तिला कुणी घातलं नाही. तिची भाषा म्हणजे ती आणि आई यांनी परसात खेळता खेळता तयार केलेल्या खुणा. जगात ती भाषा दोघींनाच पुरती यायची, मामाला अर्धीमुर्धी. त्या भाषेत प्रत्येकाला नाव होतं. गौरक्कांचं नाव कपाळावर मोठं कुंकू. अण्णांचं नाव उजव्या हाताची दोन बोटं मुडपून. अपघातानंतर मावशीनं त्यांचं आधीचं मिशीचं नाव बदलून हे ठेवलं, आणि अण्णांना ते आवडलं होतं. "मिशी काय कुणालाबी असती," ते म्हणायचे. माझं नाव होतं डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटानं लिहिणं. लिहिणारी. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. पुढे पदवी घेतलेलीही पहिली. हे मी लाजत सांगणार नाही. मावशीनं ते नाव मी चौथीत असतानाच ठेवलं होतं.

आई लग्न होऊन बेंगळुरूला आली तेव्हा मावशीचं बोलणंच बंद झालं. पत्र वाचता येत नाही, फोनवर ऐकू येत नाही. दिवाळीला आई माहेरी गेली की चार दिवस दोघींचे हात थांबायचे नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली. मग मामाच्या सुनेकडे चांगला फोन आला आणि एका संध्याकाळी आईच्या फोनमध्ये मावशी दिसली. आई स्टुलावर बसली होती ती खाली फरशीवर बसली. पण आमच्या पत्र्याखाली मोबाईलची रेंज धड यायची नाही. चित्र तुटायचं. ऐकणाऱ्याला तुटक आवाजातूनही काहीतरी कळतं. खूण तुटली की काहीच कळत नाही. अण्णांनी आठवडाभर ते पाहिलं आणि केबलवाल्या मंजण्णाला बोलावून घरात वायर ओढून घेतली. रोज संध्याकाळी साडेसहा ते साधारण सव्वासात, आई चुलीपाशी फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि मावशी यायची. घरातला सगळ्यात गप्प वेळ तो. फक्त बांगड्यांचा आवाज.

मी सर्जापूर रोडकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायला लागले आणि घरात जुना का होईना, कॉम्प्युटर आला. त्याच्यावर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कापड असायचं. मी त्याच्यापुढे बसले की आई वावरायची ते पाय न वाजवता. कुणी आलं तर बोट ओठांवर ठेवून सांगायची, "राजी अभ्यास करतीया." मी अभ्यास करायचे, नाही असं नाही. पण दुसऱ्या वर्षापासून संध्याकाळी मी त्याच्यावर बंदुका चालवायचे.

पाच जणांविरुद्ध पाच जण, एकेका खोलीत बसून, एकाच खोट्या गावात एकमेकांना शोधून मारायचं. मला हा खेळ कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांनी चेष्टेत खेळायला बसवलं आणि तासाभरात त्यांची चेष्टा थांबली. माझी नजर चांगली होती. त्याहून चांगला होता माझा धीर. आमच्या टीमचा कॅप्टन तन्मय, पुण्याचा, एचएसआर लेआउटमध्ये बहिणीच्या फ्लॅटवर राहायचा. मराठी ऐकून त्यानं मला टीममध्ये घेतलं असं बाकीचे म्हणत, पण त्यानं मला घेतलं ते मी त्याला सलग चार वेळा मारलं म्हणून. कॉलेजांच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं. मला आयुष्यात पहिल्यांदाच असं काहीतरी मिळालं होतं ज्यात मी कुठून आले हे कुणी विचारत नव्हतं.

आता यातली एक अडचण सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. आपण बटण दाबतो तेव्हा गोळी लगेच सुटत नाही. आपलं बटण आधी वायरीतून मुंबईतल्या सर्व्हरकडे जातं आणि काय झालं ते तिथून परत आपल्या पडद्यावर येतं. या येण्याजाण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. माझा एरवी चाळीसच्या आसपास असायचा, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका. पण संध्याकाळी तो मधूनच उसळायचा. चारशे, सहाशे, परत चाळीस, परत पाचशे. तसं झालं की माझ्या पडद्यावर समोरचे लोक जागच्या जागी गोठायचे आणि मग एकदम दुसरीकडे उगवायचे. त्यांच्या पडद्यावर मी तशीच दिसायचे, भुतासारखी. त्यातून गंमत अशी, की सर्व्हर न्यायानं वागायला बघतो. मी बंदूक चालवली त्या क्षणी माझ्या पडद्यावर समोरचा कुठे दिसत होता, हे तो मागे जाऊन तपासतो. मला तो उघड्यावर दिसत होता, तर गोळी लागली. तो बिचारा तोवर भिंतीआड पोहोचलेला असतो, आणि भिंतीआड उभा असताना मरतो.

असे बरेच जण भिंतीआड मेले, आणि बोलणं सुरू झालं. काही लोक मुद्दाम असं करतात. वायरीला एक बटण बसवतात, हवं तेव्हा नेट अडवायचं, दुसऱ्यांना गोठवायचं, आपण हवं तिथे जायचं आणि बटण सोडायचं. त्याला लॅग स्विच म्हणतात. आमच्या खेळात यापेक्षा वाईट शिवी नाही.

कॉलेजच्या कँटीनमध्ये तन्मयनं विषय काढला. समोर मसाला डोसा, त्यानं तो मोडलाही नव्हता.

"राजश्री, तू चिडू नकोस हं. पण मी विचारणार आहे."

"विचार की."

"तू स्विच लावलायस का?"

"तू येऊन बघ. आमच्या घरात लावायचं तर एकच बटण आहे, मिक्सरचं."

"मी सिरियसली विचारतोय. दोन टीम्सनी रिपोर्ट केलंय. आणि प्रॉब्लेम असा आहे की होतं ते बरोब्बर सात वाजताच. दुपारी तू एकदम ओके असतेस. मॅच असली की लॅग. कुणालाही डाऊट येणारच ना?"

"म्हणजे तुलाही आला."

त्यानं डोशाची ताटली बाजूला सारली. मग म्हणाला, "गुरुवारी सातला प्रॅक्टिस मॅच लावतो. तुझ्या पिंगचा ग्राफ मी लाइव्ह बघणार. क्लीन असेल तर मी स्वतः सगळ्यांशी भांडेन तुझ्यासाठी. नसेल तर मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल. सॉरी."

मी माझा डोसा पूर्ण खाल्ला. चोर म्हटल्यावर ताट टाकून उठणं म्हणजे चोरीची कबुली, असं मला तेव्हा वाटत होतं. घरी येईपर्यंत बसमध्ये माझे कान तापलेले होते.

मी वही घेतली आणि तीन दिवस दर पाच मिनिटांनी पिंग लिहिला. रेघा काढल्या. दिवसभर सपाट, साडेसहाला डोंगर, सव्वासातला परत सपाट. अण्णा पाळीवरून येऊन हातपाय धुऊन चहा पीत होते. त्यांनी वही ओढून घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आलेख यायचा. कारखान्यात भिंतीवर असायचे.

"हे काय मोजलंयस?"

"बटण दाबल्यापासून काम होईपर्यंत किती वेळ जातो ते."

"आणि हा डोंगर?"

"तेव्हा उशीर होतो. पण एकसारखा नाही, कधी कमी कधी जास्त. त्यामुळे चूक होते."

अण्णांनी कप खाली ठेवला. "जुन्या प्रेसचं असंच. पायडल मारलं की लगेच वरून येत न्हाई तो. आत एक किल्ली बसायला लागती. चाकातली खाच समोर असंल तर चट्कन बसती, न्हाई तर चाक आख्खी गिरकी मारतं, मग बसती. म्हणजे कधी आत्ता येणार, कधी वाईच थांबून. आता माणूस कसाय, उशिराला माणूस शिकतो. रोज येवढाच उशीर म्हटलं की हात त्या मापानं चालतो. पण कमीजास्त उशिराला हात शिकत न्हाई." त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. दाखवण्यासाठी नव्हे, सहज. "पायडल मारलं, आला न्हाई, मी म्हटलं गेला असंल फुकट. घातला हात."

आजवर त्यांनी ते कसं झालं हे सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी बोट डोंगरावर ठेवून विचारलं, "ह्या टायमाला तुझ्या लाईनीवर आणखी कोण काम करतंय?"

आज मी याच व्यवसायात आहे. तरुण मुलं उशिराचे आलेख घेऊन माझ्या टेबलाशी येतात, आणि मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारते. त्यांना वाटतं मी तो कॉलेजात शिकले. त्या दिवशी मात्र मी अण्णांना उत्तर दिलं, "बघते." उत्तर मला तोवर कळलेलं होतं. पाठीमागे, तेलाच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर, आईच्या बांगड्या वाजत होत्या. आमच्या वायरीत खाली येणारा रस्ता रुंद होता आणि वर जाणारा अरुंद. आईचं चित्र निपाणीला जायला निघालं की तो रस्ता भरायचा आणि माझं बटण त्याच्या मागे रांगेत उभं राहायचं.

आईला सांगणं सोपं होतं. "आई, गुरुवारी जरा उशिरा फोन लाव." एवढंच वाक्य. पण मग ती विचारणार, का गं, परीक्षा हाय? मग मला म्हणावं लागणार, नाही, खेळ आहे. जिच्यासाठी आई दोन वर्षं पाय न वाजवता चालली ती अभ्यास करत नव्हती, बंदूक खेळत होती. हे मला सांगायचं नव्हतं. मी राऊटरच्या पानावर गेले. कोणत्या फोनला किती रस्ता द्यायचा ते तिथे ठरवता यायचं. आईच्या फोनपुढे मी इतका लहान आकडा घातला की त्यातून जेमतेम एक चित्र गेलं असतं. गुरुवार, साडेसहा ते आठ. सेव्ह. मला वाटलं, एक दिवस नाही बोलल्या तर काय होतंय?

गुरुवारी बस अडकली, मी सहा वाजता घरात शिरले आणि तशीच टेबलाशी गेले. आई मागोमाग आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"राजे, ऐक की जरा. मामाचा फोन आलता दुपारी. मावशीचं..."

मी हेडफोन चढवत होते. मी हात वर केला, थांब म्हणून. तिला वाटलं मला काही महत्त्वाचं आहे. ती थांबली. ती नेहमीच थांबायची.

त्या दिवशी मी जशी खेळले तशी आधी कधी खेळले नव्हते, नंतरही नाही. पिंग अडतीसवर खिळलेला. बोट दाबलं की काम झालं. मी आणि माझी गोळी यांच्यात काहीच नव्हतं. कानात तन्मयचा आवाज, "ग्राफ फ्लॅट आहे, एकदम फ्लॅट... राजश्री, डावीकडे... काय मारलंस यार!" संपलं तेव्हा त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शी इज क्लीन. यापुढे कुणी काही बोलायचं नाही." मी खुर्चीत मागे रेलले. मला छान रडू येत होतं.

हेडफोन काढले. प्रेस बंद झालेले होते. आई चुलीपाशी बसली होती, दोन्ही हातांत फोन धरून. तव्यावर भाकरी करपून काळी झाली होती. आमच्या घरात भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. फोनमध्ये मावशी होती, हलत नव्हती. एक हात अर्धवट वर आलेला, चेहरा पुढे झुकलेला, काय म्हणतेस, असं विचारताना असतो तसा.

"आज तिचं हलंचना गं," आई म्हणाली. "फोन बिघडला काय बघ बरं. मी कवापास्नं सांगतीया तिला."

मी माझ्या कॉम्प्युटरकडे गेले, आकडा पुसला, परत फोन लावला. मामाच्या सुनेनं उचलला. चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. पण मावशी दवाखान्याकडे निघून गेली होती. तेव्हा मला कळलं, मी घरात शिरल्यापासून आई मला काय सांगू बघत होती ते.

मावशीच्या त्या एकुलत्या एक डोळ्यात मोतीबिंदू होता. दवाखान्यात कधीपासून नाव दिलेलं, त्या दिवशी अचानक नंबर लागला होता. रात्रीच भरती व्हायचं, सकाळी पहिलं ऑपरेशन, मग दोन दिवस डोळ्यावर पट्टी. आई रात्रीच्या बसनं निघाली तरी पोहोचेपर्यंत ऑपरेशन झालेलं असणार होतं. म्हणून साडेसहाचा फोन हा एकच वेळ होता. दवाखान्यात मामाबरोबर होता तो बटणांचा फोन, त्यात चित्र नाही. आईला बहिणीला एवढंच सांगायचं होतं, की उद्या अंधार होईल, तो दोनच दिवसांचा, मग उजेड, भिऊ नकोस. मामाच्या अर्ध्यामुर्ध्या खुणांना हे जमणारं नव्हतं. ते आईनं पाऊण तास सांगितलं. तळवा डोळ्यावर, मग दोन बोटं, मग तळवा बाजूला आणि चेहरा उघडा. परत तळवा, परत दोन बोटं.

आई बसला गेली. आकड्याचं मी तिला सांगितलं नाही. तिची पिशवी मी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या फोनवर मामाचा आवाज आला आणि अण्णा ऐकत भिंतीला टेकले. सूचना ऐकता येत नाहीत म्हणून मावशीला पूर्ण भूल दिली होती, ती शुद्धीवर आली ती अंधारात. तिला वाटलं डोळा गेला. तिनं पट्टी ओढायला सुरुवात केली. नर्सना तिची भाषा येत नव्हती, मामाच्या खुणा तिला दिसत नव्हत्या. डोळा वाचवायला त्यांनी जे कुणीही केलं असतं ते केलं. तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. आई पोहोचेपर्यंत सकाळभर ती तशीच होती. कान नाहीत, डोळा नाही, आणि हात बांधलेले. ती तोंडानं जो आवाज काढत होती तो मामानं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

मी अण्णांना तिथेच सगळं सांगितलं. खेळ, तन्मय, राऊटर, आकडा. ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी बराच वेळ त्यांचा उजवा हात डाव्यात धरून ठेवला. मग म्हणाले, "मी तुला इच्यारलं होतं. लाईनीवर कोण हाय म्हणून."

"हो."

"तुला ठावं होतं."

"हो."

"आईला तूच सांगायचं. मी न्हाई सांगणार."

आई आठवड्यानं आली. डोळा वाचला होता, पट्टी सुटली होती. मी तिला पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं. तिनं पाणी संपवलं. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, "पहिलं एकच चित्र गेलं बघ तिकडं. सून सांगत होती. मी डोळ्यावर हात ठेवलाय, असं. तेवढंच दिसलं तिला. पाऊण तास तेवढंच. दोन बोटं गेलीच न्हाईत." आणि थोड्या वेळानं, "मला सांगायचं न्हाई होय? खेळ तर खेळ. मी वाईच लवकर लावला असता की फोन. मला काय."

त्यानंतर कुणी मला काही म्हणाल्याचं आठवत नाही.

त्या रविवारी, प्रेस बंद असताना, मी राऊटरचं ते पान परत उघडलं आणि या वेळी नीट वाचलं. आईच्या फोनचा रस्ता बंद करायची गरजच नव्हती. वर जाणारा रस्ता काठोकाठ भरू द्यायचा नाही, थोडी जागा मोकळी ठेवायची, एवढंच करायचं होतं. आईचं चित्र किंचित पुसट झालं, पण अखंड. माझा पिंग साठ झाला, पण सपाट. एकसारख्या उशिराला हात शिकतो, अण्णा म्हणाले होते तसं. दोघींना पुरेल एवढी जागा त्या वायरीत पहिल्या दिवसापासून होती. मी ती शोधली नव्हती, कारण मला दोघींपैकी एकीसाठीच हवी होती.

तन्मयलाही मी सांगितलं. म्हटलं, तू मला क्लीन म्हणालास, पण मी त्या दिवशी लॅग स्विच लावला होता. तुमच्यावर नाही, आईवर. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "रुलबुकमध्ये हे बसत नाही, राजश्री," तो म्हणाला. "टेक्निकली तू काहीच केलं नाहीस." ते खरं होतं. मी टीममध्ये राहिले, साठच्या पिंगवर खेळले, उपांत्य फेरीत आम्ही सरळ सरळ हरलो.

आई परतल्यावर मावशीचा पहिला फोन आला तेव्हा मी आईशेजारी फरशीवर बसले. मावशीनं मला बघून तळहातावर लिहिलं, माझं नाव. मी आईला विचारलं, तुमच्यात माफ कर कसं म्हणतात? आई म्हणाली, "आमच्यात तसली खूण न्हाई. कधी लागलीच न्हाई." मग आईनंच मावशीला सांगितलं, सगळं, काही न वगळता. मला अर्धंच कळत होतं. तळहातावर लिहिणारी. पेटीसमोर, म्हणजे कॉम्प्युटरसमोर, बसलेली. कानांवर दोन्ही हात. मूठ घट्ट, म्हणजे चित्र थांबलं. मावशी त्या एका डोळ्यानं बघत राहिली. तिच्या मनगटांवर अजून बांधल्याचे पुसट वळ होते. मग तिनं माझ्याकडे बोट केलं आणि स्वतःच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले, हेडफोनसारखे. एकदा, परत एकदा. आणि हसली. तिचं हसणं मोठं असतं, तिला ते ऐकू येत नाही म्हणून.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तुझं नाव बदललं तिनं," आई म्हणाली.

तेच राहिलं. मी पदवी घेतली त्या दिवशी मावशी बेंगळुरूला आली होती. काळ्या झग्यात मी दारात उभी, आणि मावशी माझ्याकडे बोट करून गौरक्कांना माझं नाव सांगत होती. मला आशा होती की आज तरी ती तळहातावर लिहील. तिनं कानांवर हात ठेवले. मला वाईट वाटलं, आणि मग वाटलं, अण्णांचंही नाव त्यांच्या एका चुकीवरूनच आहे, आणि ते नाव घेताना मावशी कधी कडवट झालेली मी पाहिली नाही.

आता आई थकली आहे, तिचे हात भराभर चालत नाहीत. म्हणून संध्याकाळचा फोन बहुतेक वेळा मी लावते. मावशीचं चित्र आलं की मी आधी दोन्ही कानांवर तळवे ठेवते, म्हणजे मी आले. मग थांबते. वायर कितीही चांगली असली तरी माझे हात तिच्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो, आणि तिला दिसलं हे परत माझ्यापर्यंत यायला थोडा. तेवढ्या वेळात दुसरं काही बोलायचं नाही हे मी शिकले आहे. ती मान हलवते. मगच मी हात खाली घेते.